कुंपणाआतले तीन एकर: यॉर्कशायरमधील बंदिस्त श्वान-मैदानाला दिलेली भेट

आडवाट (धागाकर्ता)

नमस्कार.

दीड वर्षापूर्वी आम्ही पुण्याहून लीड्सला आलो आणि आमच्या मागोमाग काही महिन्यांनी खंड्याही आला. तो चार वर्षांचा, तांबूस रंगाचा, उभ्या कानांचा गावठी कुत्रा आहे. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मला आणि तिथेच मोकळा वाढला. भारतातून ब्रिटनमध्ये कुत्रा आणायचा तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी आणि रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिन्यांची प्रतीक्षा, अशा सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. त्या आम्ही चढलो. ज्या अडचणीचा विचारही केला नव्हता ती मात्र इथे आल्यावर उभी राहिली: खंड्याला दोरीने बांधून फिरायची सवय नव्हती आणि दोरी सोडून त्याला फिरवायची माझी छाती होत नव्हती.

कारण मेंढ्या. शहर सोडून व्हार्फडेलच्या दिशेने थोडे पुढे गेले की जिकडे पाहावे तिकडे कोकणातल्या गडग्यांसारख्या, चुन्यावाचून रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांच्या आत चरणाऱ्या मेंढ्या दिसतात, आणि सार्वजनिक पायवाटा बहुतेक वेळा याच कुरणांतून जातात. खंड्याने पहिली मेंढी पाहिली तेव्हा त्याच्या मानेपासून शेपटीपर्यंतचे केस उभे राहिले आणि त्याने दिलेल्या हिसक्याने माझा खांदा आठवडाभर दुखत होता. १९५३ च्या कायद्यानुसार मेंढ्या असलेल्या कुरणात कुत्रा दोरीशिवाय आणि ताब्याबाहेर मोकळा असणे हाच गुन्हा ठरू शकतो. त्याने मेंढीला तोंड लावलेच पाहिजे असे नाही. हे वाचल्यापासून मी दोरी मनगटाला दोन वेढे देऊन धरू लागलो. (तेही चुकीचे आहे, हे नंतर समजले. कुत्र्याने ओढ घेतली तर मनगट मोडू शकते.)

शेवटी शेजारच्या बाईंनी बंदिस्त मैदानाची युक्ती सांगितली. एखादा शेतकरी आपले एखादे शेत उंच जाळीने चहूबाजूंनी बंद करतो आणि ते तासाच्या भाड्याने देतो. तेवढा वेळ त्या शेतात फक्त तुम्ही आणि तुमचा कुत्रा. आम्ही शनिवारी सकाळी नऊचा तास बारा पौंडांना घेतला. आदल्या संध्याकाळी फाटकावरच्या आकड्यांच्या कुलपाचा क्रमांक संदेशाने आला. तिथे पोहोचल्यावर भेटायला कोणीही नव्हते: गाडी लावायला खडी टाकलेली जागा, एक फाटक, त्याच्या आत दहा पावलांवर दुसरे फाटक, आणि पलीकडे उताराचे तीन एकर गवत. दोन फाटकांच्या मधल्या जागेचा नियम असा की, बाहेरचे बंद करून कडी लावल्याखेरीज आतले उघडायचे नाही.

पुढे घडले त्यासाठीच हा धागा काढला आहे. मी आतले फाटक लावले, वाकून खंड्याच्या हार्नेसची आकडी काढली आणि दोरी खिशात घातली. मला वाटले होते की तो बाणासारखा सुटेल. तो सुटला नाही. दोरी काढली आहे हे त्याच्या लक्षातच आले नाही. दोरीच्या लांबीइतकेच अंतर राखून तो माझ्या डाव्या पायाशी चालत राहिला, मी थांबलो की थांबला, मी वळलो की वळला. जवळजवळ दहा मिनिटे आम्ही दोघे नसलेल्या दोरीने बांधलेले असे कुंपणाच्या कडेकडेने फिरलो. मग वाऱ्यावर कसला तरी वास आला, त्याने नाक वर केले, चार पावले पुढे गेला, आणखी चार गेला, आणि मागे वळून माझ्या हाताकडे पाहिले. तोंडाकडे नव्हे, हाताकडे. हात रिकामा आहे याची खात्री झाल्यावर मात्र शेपटी पोटाखाली दाबून, पाठीची कमान करून तो असा काही धावला की, पार्किंगमधले पिल्लू असताना कावळ्यांमागे धावायचा ते दिवस मला आठवले.

इथे राहणाऱ्या आणि अशी मैदाने वापरणाऱ्या सभासदांनी आपले अनुभव लिहावेत. विशेषतः कुंपण कसे पारखावे, हे मला समजून घ्यायचे आहे, कारण खंड्या धावून दमल्यावर एका कोपऱ्यात उकरू लागला आणि तिथपर्यंत पोहोचेतो माझी पाचावर धारण बसली होती.

करवंद

आडवाट, दोरी नसताना दोरीच्या अंतरावर चालणे वाचून गलबलून आले. आमच्याकडे शर्यतीतून निवृत्त झालेली ग्रेहाउंड मादी आहे आणि आम्ही नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये तीन वर्षांपासून अशा मैदानांवर जातो. तुम्ही कुंपणाबद्दल विचारले आहे म्हणून जे डोळ्यांनी पाहिले तेवढे लिहिते.

जाळीची उंची सगळेच पाहतात. बहुतेक ठिकाणी ती हरणांसाठी वापरतात तशी सहा फुटांची असते. मी आधी खाली पाहते. जाळी जमिनीला टेकून नुसती संपली आहे, की ती आतल्या बाजूला वळवून हातभर जमिनीवर पसरून मेखांनी ठोकली आहे? कुत्रा नेहमी जाळीच्या अगदी पायथ्याशीच उकरतो, त्यामुळे पसरलेली जाळी त्याच्याच पंजाखाली येते आणि उकरणे तिथेच थांबते. तुमच्या कोपऱ्यात तशी जाळी असेल तर गवताखाली पाय घासून पाहा, तार लागेल. दुसरे म्हणजे खालची भोके. मेंढ्यांसाठीच्या जाळीचे चौकोन एवढे मोठे असतात की त्यातून लहान टेरियर आरामात निसटतो. तिसरे म्हणजे कोपऱ्यांतले तिरके टेकू. जाळी ताणून धरण्यासाठी कोपऱ्याच्या खांबाला तिरका वासा देतात, आणि तो वासा आतल्या बाजूला असला तर चपळ कुत्र्याला ती आयती शिडीच होते. पहिल्या भेटीत आम्ही दोरी न सोडता संपूर्ण कुंपणाला एक प्रदक्षिणा घालतो आणि त्यानंतरच आकडी काढतो.

एक कटू अनुभवही सांगून ठेवते. एका मैदानावर (नाव लिहीत नाही) दोन नोंदण्यांच्या मध्ये मोकळा वेळच ठेवलेला नव्हता. आमची वेळ संपायला पाच मिनिटे असताना पुढचे कुटुंब आपला कुत्रा मोकळाच घेऊन दोन फाटकांच्या मधल्या जागेत येऊन उभे राहिले. आमची मादी अनोळखी कुत्र्यांना घाबरते. ती मैदानाच्या टोकाला जाऊन जी बसली ती हाकेला येईना. त्यांना बाहेर जायची विनंती केली तर ते म्हणाले की त्यांचा कुत्रा फार प्रेमळ आहे. असेल, पण प्रश्न त्यांच्या कुत्र्याचा नव्हताच. तेव्हापासून दोन नोंदण्यांत दहा मिनिटांचे अंतर ठेवणाऱ्या मैदानांवरच आम्ही जातो.

उजनीकाठ

धागा वाचून मनात आलेली पहिली प्रतिक्रिया प्रामाणिकपणे लिहितो: कुत्रा पळवायला पैसे मोजायचे? आमच्या सोलापूरकडे वडिलांनी कारवान जातीचे कुत्रे पाळले होते. ज्वारीची काढणी झाली की सगळे रान कुत्र्याचेच, बांधावर उभे राहून शीळ घातली की दोन शेतांपलीकडून धूळ उडताना दिसायची. कुंपण हा शब्द आम्ही फक्त डुकरांच्या संदर्भात वापरला.

तरीही करवंद यांच्या यादीत एक भर घालतो, कारण कारवान आणि ग्रेहाउंड दोघेही नजरेवर शिकार करणारे. (कारवानालाच कर्नाटकात मुधोळ म्हणतात, २००५ साली टपाल खात्याने त्याचे तिकीटही काढले होते.) असा कुत्रा वासाने नव्हे, हालचाल दिसली की सुटतो, आणि एकदा सुटला की कान बंद होतात. त्यामुळे जाळी कितीही भक्कम असली तरी जाळीतून पलीकडे काय दिसते हे पाहावे. पलीकडच्या शेतात मेंढ्या असतील तर तासभर तुमचा कुत्रा मैदानात नसून जाळीला नाक लावून उभा असेल. दाट वई किंवा निदान चढ मधे असावा.

नकाशावाला

मी इंग्लंडमधील एका स्थानिक परिषदेच्या नियोजन विभागात काम करतो आणि अशा मैदानांचे अर्ज माझ्या टेबलावर येत असतात. वर सहा फुटांचा उल्लेख आला आहे. तो आकडा कुत्र्यांच्या उडीवरूनच ठरलेला असतो असे नाही. कुंपण दोन मीटरपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे त्याला वेगळी नियोजन परवानगी लागत नाही. वाहनांच्या रस्त्याला लागून असेल तर ही मर्यादा एक मीटरवर येते. म्हणून शेतकरी १.८ मीटरची तयार जाळी घेतो आणि ती रस्त्यापासून आत सरकवून बांधतो. रस्त्याच्या कडेला बुटके कुंपण आणि त्याच्या आत काही अंतरावर उंच कुंपण असे दुहेरी चित्र दिसले तर त्यामागे बहुधा हे कारण असते, आणि योगायोगाने ते कुत्र्यासाठीही चांगलेच असते.

मात्र कुंपणाला परवानगी लागली नाही तरी मैदानाला लागते. शेतजमीन कुत्र्यांच्या व्यायामासाठी भाड्याने देणे हा जमिनीच्या वापरातील बदल ठरतो. शेजाऱ्यांचे आक्षेप जवळपास नेहमी दोनच: भुंकणे आणि अरुंद रस्त्यावरच्या गाड्या. त्यामुळे परवानगी देताना एका वेळी किती कुत्रे, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, गाड्या कुठे लावायच्या आणि दिवे लावायचे की नाहीत, अशा अटी घातल्या जातात. मैदानाच्या मालकाने “एका वेळी चारच कुत्रे” असे लिहिले असेल तर तो त्याचा लहरीपणा समजू नये. चारच्या जागी सहा नेल्यास अटभंग त्याच्या माथी बसतो. आडवाट यांच्या मैदानावर भेटायला कोणी नव्हते, याचे कारण मात्र वेगळे आहे. नोंदणी, पैसे आणि कुलूप ही तिन्ही कामे माणसाशिवाय होतात म्हणूनच हा जोडधंदा शेतकऱ्याला परवडतो.

गोठ्यातला डॉक्टर

श्रॉपशायरमध्ये गुरांचा डॉक्टर म्हणून काम करतो, त्यामुळे या प्रश्नाकडे मी बहुधा कुंपणाच्या पलीकडून पाहतो. कुत्रा मेंढीला चावला तरच नुकसान होते असा शहरातल्या लोकांचा समज असतो. गाभण मेंढ्यांचा कळप नुसता पळवला तरी पुढच्या काही दिवसांत गर्भपात होतात, आणि भिंतीच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढून गुदमरलेल्या मेंढ्या मी स्वतः मोजल्या आहेत. १९७१ च्या कायद्याने शेतकऱ्याला एक संरक्षण दिले आहे: कळपावर हल्ला करणाऱ्या कुत्र्याला दुसऱ्या कोणत्याच वाजवी मार्गाने आवरता येत नसेल आणि त्याने गोळी घातली, तर ४८ तासांत पोलिसांना कळवल्यास नुकसानभरपाईच्या दाव्यात त्याला बचाव घेता येतो. मला असा एकही शेतकरी भेटलेला नाही ज्याला ती गोळी घालायची हौस होती.

आता मैदानाविषयी. विष्ठा उचलण्याचा आग्रह केवळ स्वच्छतेसाठी नसतो. निओस्पोरा नावाचा एक परजीवी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो, विष्ठेतून गवतावर येतो आणि ते गवत खाणाऱ्या गाईंचा गर्भपात घडवतो. कुत्र्याला मात्र बहुतेक वेळा काहीच होत नाही, त्यामुळे “आमचा कुत्रा निरोगी आहे” हे उत्तर इथे निरुपयोगी आहे. याच कारणासाठी, कुत्र्यांना दिलेल्या शेतातले गवत कापून गाईंना घालू नये, असे मी शेतकऱ्यांना सांगतो.

कुत्र्याच्या बाजूने सांगायचे तर जून-जुलैमध्ये कुसळांना जपावे. वाळलेल्या गवताच्या कुसळाला एकाच दिशेचे काटे असतात, त्यामुळे ते बोटांच्या बेचक्यात किंवा कानात शिरले की पुढेच सरकते, मागे येत नाही. घरी गेल्यावर चारही पंजांची बोटे फाकवून पाहावीत. कुत्रा एकच पंजा सारखा चाटत असेल किंवा डोके एका बाजूला कलते धरत असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. मैदानावर ठेवलेल्या सामायिक भांड्यातले पाणी पाजू नये आणि रात्रभर गवतात पडलेले चेंडू तोंडात घेऊ देऊ नयेत, कारण त्यांवरून लहान गोगलगायी फिरलेल्या असतात आणि त्यांच्यामार्फत फुप्फुसातला जंत कुत्र्याच्या पोटात जातो. गोचीड मिळाली तर ती चिरडू नये, तेल लावू नये. गोचीड काढायच्या छोट्या आकडीने कातडीलगत धरून फिरवून काढावी.

धुकेरी

एडिनबराहून लिहिते आहे. स्कॉटलंडमध्ये २०२१ साली कायदा आणखी कडक झाला असून जनावरांवर कुत्रा सोडल्याबद्दल किंवा सुटू दिल्याबद्दल ४०,००० पौंडांपर्यंत दंड आणि बारा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हा आकडा वाचल्यावर बारा पौंड कोणाला जड वाटतील?

तरीसुद्धा एक वेगळे मत मांडते. आम्ही वर्षभर दर आठवड्याला मैदानावर जात होतो आणि तिथे चेंडूफेकीच्या काठीने तासभर चेंडू फेकत होतो. आमचा लॅब्राडॉर घरी येऊन झोपायचा, त्यामुळे आम्ही खूश. पण हळूहळू तो फाटक दिसताच किंचाळू लागला, गाडीत लाळ गाळू लागला आणि बाहेरच्या साध्या फेरफटक्यात त्याचे लक्ष लागेनासे झाले. प्रशिक्षिकेने चेंडू बंद करायला सांगितला आणि त्याऐवजी गवतात मूठभर खाऊ विखरून तो नाकाने शोधू द्यायला सांगितले. तीन आठवडे त्याने आमच्याकडे अपेक्षेने पाहिले, मग नाक खाली घातले. आता तो तासातला अर्धा वेळ हुंगण्यातच घालवतो आणि फाटकाशी शांत उभा राहतो. मैदान म्हणजे कुत्र्याला दमवण्याचे यंत्र, असा जो समज झाला आहे तो मला घातक वाटतो.

उजनीकाठ

धुकेरी, हे पटले. आमचे कारवानसुद्धा पळण्यापेक्षा बांधावर बसून दूरवर बघण्यातच जास्त वेळ घालवायचे. पैशांबद्दलचा माझा वरचा शेरा मागे घेतो. मेंढ्या आमच्याकडेही होत्या, पण धनगराचे कुत्रे आणि आमचे कुत्रे एकमेकांना लहानपणापासून ओळखत होते. अनोळखी मुलखात ती सोय नसते.

नवखी सातारकर

मी मिल्टन कीन्सला राहते आणि आमच्याकडे आठ महिन्यांचे बीगल आहे. एक शंका आहे. मैदानात ती हाकेला पटकन येते, पण उद्यानात लांब दोरीवर असताना ढुंकूनही पाहत नाही. मैदानावर जाऊन हाकेला येण्याचा सराव होतो असे सगळे म्हणतात, मग बाहेर तो उपयोगी का पडत नाही? आणि आम्ही तिला मराठीत हाक मारतो, त्याने काही फरक पडतो का?

करवंद

भाषेने फरक पडत नाही, शब्द एकच असण्याने पडतो. आमच्या घरी मी “ये” म्हणत होते, नवरा “चल” म्हणत होता आणि मुले “कम” म्हणत होती. तिने तिघांकडेही दुर्लक्ष करायचे ठरवले. आता आम्ही शिटी वापरतो. शिटीला राग येत नाही आणि ती वाऱ्यातही ऐकू जाते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, मैदानात तिला तुमच्याखेरीज दुसरे काही आकर्षणच नसते. उद्यानात खारी आहेत, मुलांच्या हातातले सँडविच आहे. मैदानात शिटी आणि खाऊ यांची गाठ पक्की करावी, मग फाटकाबाहेर गाडीजवळ दोरीवर तोच सराव करावा, मग शांत गल्लीत. मैदानात मोकळी सोडता येते म्हणून उद्यानातही सोडता येईल, हा निष्कर्ष बीगलच्या बाबतीत तर मुळीच काढू नये. शिवाय मैदानात तासभर फिरताना तिला दहा-बाराच वेळा हाक मारावी आणि प्रत्येक वेळी खाऊ देऊन पुन्हा सोडावी. शेवटी एकदाच हाक मारून लगेच दोरी अडकवली तर ती त्या हाकेचा अर्थ “खेळ संपला” असाच लावेल.

आडवाट (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण दुसऱ्यांदा जाऊन आल्यावरच लिहायचे ठरवले होते.

करवंद यांनी सांगितल्याप्रमाणे आधी दोरीवर प्रदक्षिणा घातली. खंड्या उकरत होता त्या कोपऱ्यात गवताखाली पाय घासला, तर खरोखरच तार लागली. जाळी आत वळवलेली आहे. मात्र खालच्या बाजूला, ओहोळाजवळ, एका ठिकाणी ती सशांनी किंवा पाण्याने उचललेली होती आणि तिथून माझी मूठ सहज पलीकडे गेली. छायाचित्र काढून मालकाला पाठवले. अर्ध्या तासात तो चारचाकी मोटरसायकलवरून मेखा आणि हातोडा घेऊन आला, खंड्याला दोरीवर घ्यायची विनंती केली, आणि मेखा ठोकताना सांगू लागला की या शेतात पूर्वी त्याच्या वडिलांच्या मेंढ्या असायच्या. मेंढ्या परवडेनात, म्हणून तीन एकर कुत्र्यांना दिले. वरच्या कुरणात अजून मेंढ्या आहेत. खंड्याकडे पाहून त्याने जात विचारली. गावठी या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द काय द्यावा ते मला सुचेना, तेव्हा “पुण्याचा” असे सांगितले.

उजनीकाठ यांचा मुद्दा मात्र अडचणीचा निघाला. वरचे कुरण मैदानाच्या एका बाजूने स्पष्ट दिसते. या वेळी मेंढ्या खाली उतरल्या होत्या आणि खंड्या दहा मिनिटे जाळीशी थरथरत उभा राहिला. मालकाने त्या बाजूला काटेरी झुडपांची वई लावली आहे, पण ती सध्या माझ्या गुडघ्याएवढी आहे. तोवर आम्ही ओहोळाच्या बाजूला, उताराआड राहायचे ठरवले आहे. तिथून मेंढ्या दिसत नाहीत आणि हुंगायला अधिक काही असते. टिटवीच्या कुळातला तुरेवाला पक्षी तिथे पाणथळीत उतरतो, त्याच्याकडे खंड्याने अजून तरी पाहिलेले नाही.

दोरी काढल्यावर तो या वेळीही माझ्या पायाशी चालला, पण जेमतेम फाटकापासून पहिल्या खांबापर्यंत.

हिवाळ्याबद्दल दोघांनी निरोपातून विचारले आहे. त्या मैदानावर दिवे नाहीत आणि डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारच्या वेळा घेण्यात अर्थ नाही. नकाशावाला यांनी अटींविषयी लिहिले नसते तर दिव्यांसाठी मी मालकाशी हुज्जत घातली असती. फाटकाजवळ आताच घोट्याएवढा चिखल आहे. पुढच्या शनिवारी अकराचा तास नोंदवला असून गमबूट गाडीतच ठेवले आहेत.